विष्ठेच्या डागांवरून पेंग्विनची शिरगणती

शिवाजीनगरच्या हवामान खात्याला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, तेव्हाचं हे नाव. पावसाच्या नोंदी जपणाऱ्या त्या कारकुनांच्या डोक्यात हवामानबदल नव्हता. आज हवामानबदलाच्या खुणा ज्यांच्यात शोधतात, त्या पेंग्विनमागे लागलेल्या पहिल्या लोकांचंही तसंच होतं.

१९११च्या जुलैत, अंटार्क्टिकातल्या ऐन हिवाळ्याच्या काळोखात, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे ब्रिटिश मोहिमेतले तिघे स्लेज ओढत केप क्रोझियर या भूशिराला गेले. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला होता. हे सगळं सम्राट पेंग्विनच्या अंड्यांसाठी! सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातला दुवा भ्रूणात सापडेल, अशी तेव्हाची समजूत. तीन अंडी लंडनला पोचली, समजूत मात्र खोटी ठरली.

खरी शिस्तीची मोजणी पुढे सुरू झाली. अंटार्क्टिकात प्वाँत जिऑलॉजी इथल्या फ्रेंच तळाशेजारची सम्राट पेंग्विनची वसाहत १९५०च्या दशकापासून मोजली जाते आहे. सत्तरच्या दशकात समुद्रावरचं बर्फ कमी झालं आणि तिथले पक्षी जवळपास निम्म्यावर आले. वर्षानुवर्षांची वही नसती, तर हे कळलंही नसतं.

पण चालत पोचता येतील अशा वसाहती किती? ब्रिटिश संशोधक पीटर फ्रेटवेल यांना उपग्रहचित्रांत पांढऱ्या बर्फावर तपकिरी डाग दिसले. ती विष्ठा होती. २००९ मध्ये या डागांवरून ३८ वसाहती हेरल्या गेल्या, त्यातल्या दहा नव्या. २०२४पर्यंत आकडा ६६वर गेला. पक्षी वाढले असं नव्हे, नजर वाढली.

याच नजरेला २०२२चा अनर्थ दिसला. सम्राट पेंग्विन किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फावर पिल्लं वाढवतात. पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच बर्फ फुटलं तर पिल्लं बुडतात किंवा गारठून मरतात. बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत तेच झालं असावं.

बर्फाचा दुसरा धागा अन्नाचा. बर्फाखालच्या शेवाळावर क्रिल हा कोळंबीसारखा चिमुकला जीव जगतो आणि क्रिलवर अॅडेली जातीचे पेंग्विन. पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत या अशाच सागरी जीवसृष्टीच्या अभ्यासक. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह १९८३-८४च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. (राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पाहून ज्यांना बर्फ आठवतं त्यांच्यासाठी: ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचा बर्फाशी संबंध नाही.)

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला अॅडेली घटत असताना द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या डेंजर बेटांवरचे डाग मात्र मोठे दिसले. संशोधकांनी तिथे जाऊन पायी आणि ड्रोननं मोजणी केली. २०१८ मध्ये आकडा छापून आला, ७,५१,५२७ जोड्या. त्या बेटांभोवती बर्फ इतकं दाट, की जहाजं सहसा तिकडे फिरकतच नसत.