पिवळा तारा: टाचायचा की रंगमंचावर आणायचा?

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या शर्टावर, नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावले तसे, पिवळे तारे टाचायचे, उरलेल्यांना पहारेकरी करायचं. फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखून ‘ज्यू’ मुलांना त्यात कोंबायचं आणि सांगायचं, हा छळछावणीकडे निघालेला रेल्वेचा डबा. परदेशातल्या काही शाळांत होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, असाही शिकवला गेला आहे. शिक्षकांची तळमळ खरी असते, पण या प्रकाराला नाटक म्हटलं की मला राहवत नाही. नाटकात आणि इथे, दोन्हीकडे मुलं दुसऱ्या कुणाची तरी भूमिका घेतात, म्हणून गल्लत होते. प्रत्यक्षात हा नुसता त्या छळाचा देखावा आहे.

नाटकातल्या मुलीला सतत ठाऊक असतं की मी ती नाही. म्हणून तालमीत ती विचारते: ही बाई दाराशी का थांबली? हे वाक्य ती कुणाच्या देखत बोलते? उत्तरासाठी कागदपत्रं, आठवणी चाळाव्या लागतात. देखाव्यात असं विचारायला सवडच नसते. तिथे ढकलाढकली होते, कुणी हसतं, पहारेकरी झालेल्या एखाद्याला ओरडायची मजा येऊ लागते. मग घंटा होते, तारे निघतात, पोरं डबे उघडतात. ‘त्यांना कसं वाटलं असेल ते आता कळलं,’ असं त्यांना वाटतं. हे कळणं खोटं आहे. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयही शिक्षकांना असे प्रयोग टाळायला सांगतं. मला जास्त काळजी वाटते ती वर्गातल्या अशा मुलाची, ज्याला एरवीही कुणी जवळ बसू देत नाही. त्याच्याच छातीवर तारा आला तर?

आता खरं नाटक बघू. डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे पुण्यात १९८६पासून रुजलेलं ग्रिप्स बालनाट्य आपल्या ओळखीचं. त्याच ग्रिप्सच्या बर्लिनमधल्या मूळ संस्थेने १९८९ साली तरुण प्रेक्षकांसाठी एक नाटक आणलं. त्याच्या नावाचा अर्थ, ‘आजपासून तुझं नाव सारा’. आधार होता इंगं डॉइचक्रोन या बर्लिनमध्ये लपून वाचलेल्या ज्यू लेखिकेच्या आठवणींचा.

हे नाव नाझी सरकारच्या एका फर्मानातून आलं आहे. ज्यांची नावं सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत नव्हती, त्या ज्यू बायकांनी १ जानेवारी १९३९पासून आपल्या नावाला ‘सारा’ आणि पुरुषांनी ‘इस्राएल’ जोडायचं होतं. ना मारहाण, ना रक्त. नुसता ओळखपत्रावरचा एक जादा शब्द. पंधरा वर्षांच्या मुलाला तो नीट कळतो, कारण स्वतःचं नाव म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत असतं. पुढे हीच इंगं ऑटो वाइट यांच्या ब्रश बनवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथे अंध ज्यू कामगार होते, आणि स्वतः जवळजवळ दृष्टिहीन असलेले वाइट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, माणसांना लाच देऊन त्यांना वाचवायला धडपडत होते. चौकोनात उभं राहून यातलं काय कळणार? लाच देणारा माणूस चांगला कसा, हा प्रश्न तरी तिथे कुणाला पडेल?

आपल्याकडच्या बालनाट्य शिबिरांना मी ‘डाकघर’ सुचवेन. रवींद्रनाथांचा आजारी अमल खोलीत अडकलेला, खिडकीतून दहीवाल्याशी बोलणारा, राजाच्या पत्राची वाट बघणारा. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, यानुश कोरचाक या डॉक्टर-शिक्षकाच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी हे नाटक केलं. खरा छळ त्यांच्या वाट्याला आलाच होता. त्या संध्याकाळी ती खिडकीतून रस्त्याकडे बघणारा अमल झाली, दहीवाला झाली.

आपल्या मुलांनी हे नाटक नेहमीच्या कपड्यांत, बंगालमधल्या गावातच घडतं तसं करावं. तारे नकोत, पहारेकरी नकोत. पडदा पडल्यावर त्यांच्यातल्याच कुणीतरी पुढे येऊन त्या प्रयोगाबद्दल सांगावं. पुढे चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्साहून ज्यूंना मृत्युछावणीकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला या अनाथाश्रमातल्या सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. सुटायची संधी असूनही कोरचाक त्यांच्याबरोबर गेले.