कमी मार्क हे एकमेव कारण नसतं

दहावी-बारावीचा निकाल लागला की सोलापुरात, यंत्रमाग कारखान्यापासून नवी पेठेतल्या दुकानापर्यंत, एकच वाक्य फिरतं: "मार्क कमी पडले, म्हणून पोरानं जीव दिला." हे अर्धसत्य आहे. देशभरातल्या आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) अहवालांत कौटुंबिक अडचणी आणि आजार ही कारणं वर्षानुवर्षे सर्वात वर असतात. परीक्षेतलं अपयश बरंच खाली. (तिथेही कारण एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, हा भाग वेगळा.) प्रत्यक्षात न ओळखलेलं नैराश्य, घरातली मारहाण, व्यसन, छळ, आधीचा प्रयत्न असं बरंच साचलेलं असतं, निकाल हे फारतर निमित्त. त्यामुळे "नापास झालास तरी चालेल" एवढ्यानं भागत नाही.

दुसरा समज मला जास्त घातक वाटतो: विचारलं तर नसतं खूळ डोक्यात शिरेल. तसं होत नाही. "जीव नकोसा वाटतोय का?" असं सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "मरतो एकदाचा" म्हणणाऱ्याला नाटकी ठरवू नका. पोलिसांच्या भीतीनं प्रयत्न लपवूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.