पास्कोआल, एर्मेतो

(२२ जून १९३६ – १३ सप्टेंबर २०२५). ब्राझीलचे बहुवाद्यवादक, संगीतरचनाकार व वाद्यवृंदप्रमुख. पियानो, अ‍ॅकॉर्डियन, बासरी, सॅक्सोफोन आणि गिटार ही त्यांची नेहमीची वाद्ये. त्यांच्या जोडीला किटली, बाटल्या, लहान मुलांची खेळणी, पाण्याने भरलेली भांडी, फार काय स्वतःची दाढीसुद्धा. ईशान्य ब्राझीलचे लोकसंगीत, जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार आणि रॉकच्या जमान्यात आलेला विजेच्या वाद्यांचा दणका या तिन्हींवर त्यांची कारकीर्द उभी आहे. आपल्या संगीताला जॅझ म्हटलेले त्यांना रुचत नसे. ते त्याला ‘वैश्विक संगीत’ म्हणत. लांब पांढरे केस, तशीच दाढी आणि डोक्यावर टोपी, यामुळे ब्राझीलमध्ये ते ‘जादूगार’ म्हणून ओळखले जात.

त्यांचा जन्म आलागोआस राज्यातील लागोआ दा कानोआ येथे शेतकरी कुटुंबात झाला. गावात वीज नव्हती. त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसल्याने त्यांना ऊन सोसत नसे आणि नजरही अधू होती. त्यामुळे घरची माणसे शेतात राबत असता हा मुलगा सावलीत बसून भोपळ्याच्या देठाच्या पिपाण्या करी आणि लोहार असलेल्या आजोबांकडचे लोखंडाचे तुकडे टांगून ते वाजवत बसे. सातआठ वर्षांचा असताना वडिलांचे आठ बासपट्ट्यांचे छोटे अ‍ॅकॉर्डियन त्याच्या हाती आले. थोरले भाऊ जोझे नेतो यांच्याबरोबर तो लग्नांत आणि गावजत्रांत वाजवू लागला. या भागातील ‘बायाँव’ नृत्यसंगीतात शुद्ध गांधाराबरोबर तीव्र मध्यम आणि कोमल निषाद येतो. आपल्याकडच्या वाचस्पती रागाची ही स्वरावली मराठी श्रोत्याला ओळखीची वाटेल. पास्कोआल यांच्या अत्यंत गुंतागुंतीच्या रचनांतही ती पुनःपुन्हा डोके वर काढते.

१९५० मध्ये कुटुंब रेसिफे शहरात आले आणि एर्मेतो रेडिओवर वाजवू लागले. तेथे सिवुका हे अ‍ॅकॉर्डियनवादक भेटले. सिवुका, एर्मेतो आणि जोझे नेतो हे तिघेही पांढऱ्या केसांचे, गोरेफटक. त्यांच्या त्रिकुटाचे नाव होते ‘पेटलेले जग’. पुढे रिओ आणि मग साओ पाउलो येथील नाइट क्लबांत पोटासाठी वाजवताना त्यांनी पियानो आणि बासरी आत्मसात केली. औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतेच.

साओ पाउलोत ‘क्वार्तेतो नोवो’ या चौकडीने (एर्मेतो, आयर्तो मोरेरा, एराल्दो दो मोंते, तेओ दे बारोस) एक पण केला: उत्स्फूर्त वादन करायचे, पण त्यात अमेरिकी जॅझच्या ठरलेल्या जागा येऊ द्यायच्या नाहीत; ते ईशान्येच्या मातीतून उगवले पाहिजे. त्यांची एकमेव तबकडी १९६७ मध्ये निघाली. त्याच वर्षी ‘पोंतेयो’ या गाण्याला ‘टीव्ही रेकॉर्ड’ या ब्राझीली वाहिनीच्या गीतमहोत्सवात पहिले बक्षीस मिळाले, त्यालाही साथ याच चौकडीची होती.

आयर्तोंच्या आग्रहावरून पास्कोआल अमेरिकेत गेले. १९७० मध्ये अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस विजेच्या वाद्यांचा, रॉकच्या ठेक्याचा आवाज घडवत होता. त्याच्या ‘लाइव्ह-ईव्हिल’ (१९७१) या तबकडीसाठी पास्कोआल यांनी संथ, हुरहूर लावणाऱ्या छोट्या रचना दिल्या आणि स्वतः वाजवलेही. त्या प्रथम डेव्हिसच्या नावावर लागल्या, ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्या तबकडीची स्तुती करणे बरे नव्हे. पास्कोआल यांच्या १९७७ च्या ‘स्लेव्ह्ज मास’ या तबकडीमध्ये जॅझ-रॉकचा जोर सर्वाधिक ऐकू येतो. शीर्षक-रचनेत त्यांनी जिवंत डुकरांचे ओरडणे वापरले आणि त्याचा गवगवा संगीतापेक्षा जास्त झाला.

किटली आणि डुकरे यांमुळे विदूषक अशी जी प्रतिमा झाली ती दिशाभूल करणारी आहे. किटलीत पाणी घालून तोटीतून फुंकताना ते जो सूर शोधत तो नेमका असे. हे ‘आभेचा सूर’ या त्यांच्या तंत्रात नीट दिसते. बोलणाऱ्या माणसाचा प्रत्येक उच्चार कुठल्या ना कुठल्या स्वरावर पडतो, असे त्यांचे म्हणणे. १९८४ च्या ‘तिरुलिरुली’ या तुकड्यासाठी त्यांनी ओस्मार सांतोस या फुटबॉल समालोचकाचा आवाज घेतला आणि त्याच्या बोलण्यातील चढउतार जसेच्या तसे वाद्यावर वाजवून त्यांखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बसवले. पहिल्यांदा ऐकताना हसू येते. तीनचारदा ऐकल्यावर समालोचक गातोच आहे असे वाटू लागते.

अशी अचूकता नुसत्या प्रतिभेने येत नाही. १९८१ ते १९९३ या काळात रिओच्या जाबूर वस्तीतील त्यांच्या घरी इतिबेरे झ्वार्ग, जोव्हिनो सांतोस नेतो, कार्लोस माल्ता, मार्सियो बाइया प्रभृती वादक आठवड्यातील बहुतेक दिवशी तासन्‌तास तालमी करीत. पास्कोआल नवी रचना लिहीत आणि त्याच दिवशी ती बसवली जाई. पत्नी इल्झा यांच्या घरात हे गुरुकुल चालले, असे म्हणायला हरकत नाही. याउलट १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवात एलिस रेजिना या गायिकेला त्यांनी पियानोवर दिलेली साथ तालमीविना होती. ‘आझा ब्रांका’ या लोकप्रिय बायाँवखाली ते असे कॉर्ड टाकत गेले की गायिकेची कसोटी लागली, आणि ती त्या कसोटीला उतरली.

२३ जून १९९६ पासून वर्षभर त्यांनी रोज एक रचना लिहिली. २९ फेब्रुवारी धरून त्या ३६६ झाल्या. जगातील कोणाचाही वाढदिवस धुनेविना राहू नये, असा हेतू होता. ‘कालेंदारियो दो सों’ या नावाने हा संग्रह प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये त्यांनी स्वहस्ते लिहिलेले निवेदन प्रसिद्ध करून आपल्या रचना ध्वनिमुद्रित करण्याची मोकळीक सर्वांना दिली. बिग बँडसह (मोठ्या जॅझ वाद्यवृंदासह) केलेल्या ‘नातुरेझा उनिव्हेर्साल’ या तबकडीला २०१८ चा लॅटिन ग्रॅमी मिळाला. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतविद्यालयाने २०२३ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तर इल्झा यांच्या स्मरणार्थ केलेला ‘प्रा व्होसे, इल्झा’ हा ध्वनिसंग्रह २०२४ मध्ये आला. रिओ येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.