स्वभाव की ताण? खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशांचे विचित्र वागणे

रात्री टाकीचे दिवे मालवल्यानंतर तासाभराने बॅटरी लावून पाहिले, तर दिवसा झळझळीत पिवळा असणारा यलो टँग फिकट पडलेला आणि त्याच्या अंगाच्या मधोमध पांढुरका पट्टा उमटलेला दिसतो. नवख्या माणसाला हा आजार वाटतो; प्रत्यक्षात तो त्या माशाचा झोपेचा रंग असतो आणि दिवे लागल्यावर थोड्याच वेळात ओसरतो. मात्र भर दिवसा, बाकीचे मासे खाण्यासाठी धावत असताना, हाच टँग तसाच निस्तेज राहिला तर ती काळजीची गोष्ट ठरते. मासा एकच आणि रंगही तोच, पण वेळ बदलली की अर्थ बदलतो. जातीचा स्वभाव आणि ताण यांची गल्लत बहुतेक अशीच होते. म्हणून मासा कोणत्या स्थितीत दिसला एवढ्यावरून निदान करू नये. ती स्थिती केव्हा, किती वेळ आणि आणखी कशाच्या जोडीने दिसते, हे पाहावे.

या गोंधळात सर्वाधिक भर घालतो तो क्लाउनफिश. जोडीतील लहान मासा मोठ्याजवळ गेला की एका अंगावर कलतो आणि काही क्षण झटका आल्यासारखा थरथरतो. क्लाउनफिश आरंभी नर असतात आणि गटातील सर्वांत वरचढ मासा मादी होतो. लहान माशाचे थरथरणे म्हणजे त्या मादीपुढे दिलेली शरणागतीची कबुली होय. ही थरथर नेहमी दुसऱ्या माशाच्या समोर होते, क्षणात थांबते आणि त्यानंतर मासा सरळ पोहू लागतो. त्रासातली थरथर एकट्यानेही होते, तीत तोल जातो आणि काचेजवळ हात नेला तरी मासा दचकत नाही. रात्री पाण्याच्या वरच्या थरात तिरका होऊन डुलणारा क्लाउनफिशही बहुधा झोपलेलाच असतो.

रास नावाच्या माशांच्या कुळातील अनेक जाती रात्री स्वतःला वाळूत पुरून घेतात. नव्याने सोडलेला असा मासा काही दिवस वर येतच नाही, आणि तो मेला असे समजून वाळू उकरणारे शौकीन त्याच्या भीतीत भरच घालतात. सिक्सलाइन रास झोपताना स्वतःभोवती पातळ श्लेष्माचा कोष विणतो. सकाळी त्याचे तरंगणारे अवशेष पाहून घाबरण्याचे कारण नाही. पण वाळूत झोपणारा रास उघड्या वाळूवर आडवा पडून धापा टाकत असेल, तर त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. टाकीच्या तळाशी वाळूच नसेल, तर या माशाचा ताण आपणच निर्माण केलेला असतो.

रॉयल ग्रामा हा कॅरिबियन मासा आपले पोट जवळच्या खडकाकडे ठेवतो, त्यामुळे कपारीच्या छताखाली तो चक्क उलटा पोहतो. पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या, शरीरातील हवेच्या पिशवीचा विकार झालेला मासाही उलटा होतो, परंतु तो खडकापासून दूर, मोकळ्या पाण्यातही उलटा होतो आणि पर हलवणे थांबवताच वर किंवा खाली वाहवत जातो. हॉकफिशला ही पिशवीच नसते, त्यामुळे तो दिवसभर खडकावर बसून राहतो. ट्रिगरफिश कपारीत शिरून पाठीवरचा काटा उभा करतो आणि तिथेच अडकून विसावतो, कधी कधी आडवा पडूनसुद्धा. सफाई करणाऱ्या कोळंबीसमोर पर पसरून, डोके वर करून निश्चल राहिलेला टँग आजारी दिसतो खरा, पण तो केवळ अंग साफ करून घेत असतो.

आता ताणाची बाजू. समुद्री माशाच्या शरीरातील द्रव हे समुद्राच्या पाण्याच्या मानाने साधारण एकतृतीयांशच खारट असतात. त्यामुळे शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपत राहते, मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घाबरला की कल्ल्यांकडे जाणारे रक्त वाढते. त्याने प्राणवायू जास्त मिळतो, पण पाणी गमावणे आणि मीठ आत येणे हेही वाढते. ही झीज काही मिनिटांची असेल तर भरून निघते; दिवसेंदिवस चालली तर माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि एरवी दबून राहिलेले परजीवी डोके वर काढतात.

म्हणूनच श्वासाचा वेग हे माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह लक्षण आहे. मासा निरोगी असताना, ठरावीक वेळी, कल्ल्यांची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात हे मोजून लिहून ठेवावे. जातीजातीत हा आकडा फार वेगळा असतो, त्यामुळे तुलना करायची ती त्याच माशाच्या नेहमीच्या आकड्याशी. नुसता लपलेला मासा शांतपणे श्वास घेत असेल तर थांबायला हरकत नाही. धापा टाकत असेल तर थांबू नये. सगळे मासे एकदम धापा टाकू लागले तर आधी पाण्यावर संशय घ्यावा. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.8 मिलिग्रॅमच, आणि रात्रभर शैवाल, प्रवाळ व मासे तो वापरत राहिल्यामुळे पहाटे दिवे लागण्यापूर्वी तो सर्वांत कमी असतो. अमोनियाही तितकाच घातक, कारण समुद्री टाकीच्या 8.1 ते 8.4 या पीएचला गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा त्याचा अधिक मोठा भाग विषारी रूपात असतो.

पाण्याची तपासणी निर्दोष आली आणि तरीही धाप वाढत असेल, तर कल्ल्यांवरील परजीवींचा विचार करावा. व्हेल्व्हेट हा आजार आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे अंगावर धुळीसारखा थर दिसण्यापूर्वीच मासा दगावू शकतो. व्हेल्व्हेट झालेला मासा बहुधा पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, प्रवाहात तोंड करून राहतो आणि उजेड टाळतो. प्रवाहात राहायला टँगलाही आवडते, मात्र तो प्रवाहात शिरतो, बाहेर येतो आणि खाणे पडताच धावतो. आजारी मासा तिथेच थांबतो आणि खाण्याकडे पाठ फिरवतो. मरीन इच या दुसऱ्या परजीवी आजारात अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. परजीवी तीन ते सात दिवस माशावर राहून गळून पडतो, तेव्हा ठिपके गेले म्हणजे आजार गेला, असा समज करून घेऊ नये. एखाद्या वेळी खडकाला अंग घासणे हे साधेच आहे. दिवसात पुनःपुन्हा घासणे नाही.

लपण्याच्या बाबतीत जागा पाहावी. मोठ्या डोळ्यांचे निशाचर स्क्विरलफिश दिवसा गुहेत असतात, तोच त्यांचा दिनक्रम. दादागिरीला कंटाळलेला मासा मात्र बरेचदा टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या किंवा पाइपच्या मागे उघड्यावर थिजलेला असतो, आणि त्याचे पर फाटलेले दिसतात. अशा वेळी औषधाची नव्हे, मारकुट्या माशाला वेगळे करण्याची गरज असते. परजीवींवरील तांब्याचा उपचार तर प्रवाळ असलेल्या टाकीत करूच नये. प्रवाळ, कोळंबी आणि शंखांना तांबे मारते. हा उपचार वेगळ्या टाकीतच करावा.

निरीक्षणातही एक अडचण असते. टाकीपुढे माणूस आला की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात किंवा बुजून आत जातात, आणि खरे वागणे झाकले जाते. त्यामुळे मोबाइल टाकीसमोर ठेवून खोलीबाहेर जावे आणि वीस मिनिटांचे चित्रण नंतर पाहावे.