फोटॉनिक चिपमधील विद्युत् विलगन

फोटॉनिक चिपवर, म्हणजे प्रकाशाने माहिती हाताळणाऱ्या चिपवर, लेसर, मॉड्युलेटर (प्रकाशावर सिग्नल चढवणारा), प्रकाशवर्धक आणि डिटेक्टर (प्रकाश टिपून त्याची वीज करणारा) एकाच अर्धवाहक तुकड्यावर घडवलेले असतात. त्यांपैकी एकाला दिलेला विद्युत् सिग्नल शेजारच्या घटकात पाझरू नये म्हणून रचनेत, साहित्यात आणि जोडणीत जे उपाय करतात, त्यांना मिळून विद्युत् विलगन म्हणतात. पाझरलेल्या सिग्नलला या क्षेत्रात सगळे क्रॉसटॉकच म्हणतात.

साध्या इलेक्ट्रॉनिक चिपपेक्षा इथला पेच वेगळा आहे. दोन घटकांमधून प्रकाश विनाअडथळा जायला हवा आणि वीज मात्र अडायला हवी. तेही एकाच स्फटिकाच्या काही मायक्रॉन जागेत.

इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाच्या चिपवर लेसर आणि त्याला लागूनच शोषण-मॉड्युलेटर (प्रकाश कमी-जास्त शोषून सिग्नल चढवणारा) बसवतात, तिथे हा पेच नीट दिसतो. लेसरला स्थिर धारा लागते, साधारण ५० ते १०० मिलिअँपिअर. मॉड्युलेटरवर उलटा विद्युत् दाब (व्होल्टेज) असतो आणि तो सेकंदाला अब्जावधी वेळा वरखाली होतो. दोघांच्या माथ्यावर पी-प्रकारच्या (धनभार वाहून नेणाऱ्या) इंडियम फॉस्फाइडचा थर सलग पसरलेला असतो. हा थर २ मायक्रॉन रुंद आणि १.५ मायक्रॉन जाड, तर दोन घटकांमधले अंतर २० मायक्रॉन धरले, तर नेहमीच्या डोपिंगला (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीला) मधला रोध जेमतेम ८ किलोओहम भरतो. मॉड्युलेटरवरचा दाब २ व्होल्टने हलला की लेसरमध्ये पाव मिलिअँपिअर धारा हलते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण धारेबरोबर लेसरमधला अपवर्तनांकही बदलतो आणि प्रत्येक बिटसरशी तरंगलांबी किंचित सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास साध्या फायबरमध्ये तरंगलांबीत १ नॅनोमीटरचा फरक असलेले दोन प्रकाश दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंदांनी मागेपुढे होतात. त्यामुळे चिपवर न जाणवलेली ही थरथर लांबच्या टोकाला पसरट स्पंद होऊन दिसते.

उपाय म्हणून दोघांमध्ये चर खोदतात. सगळ्यात वरचा, धातूशी जोडणी करणारा थर सर्वाधिक वाहक असल्याने तो आधी काढून टाकावा लागतो. त्याखाली किती खोल जायचे, हा खरा प्रश्न. चर खोल केला तर रोध वाढतो, पण तो तरंगमार्गाच्या, म्हणजे प्रकाश जिच्यातून जातो त्या पट्टीच्या, गाभ्याजवळ पोचला की प्रकाशाला ती खाच जाणवते आणि थोडा प्रकाश लेसरमध्ये परत फिरतो. परतलेला प्रकाश लेसरला मुळीच सोसत नाही. म्हणून चर उथळ ठेवून उरलेल्या थरात हायड्रोजन किंवा हेलियमचे आयन घुसवण्याची पद्धत आहे. आयनांनी स्फटिकात केलेल्या इजा विद्युत्‌भार अडकवून ठेवतात. मात्र पुढच्या एखाद्या टप्प्यात चिप फार तापली तर त्या इजा भरून येतात आणि विलगन हातचे जाते.

पाझर खालूनही होतो. एन-प्रकारच्या (इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या) पायावर सगळ्या घटकांची जमीन, म्हणजे धारा परतण्याची सामाईक वाट, एकच असते. लोहाचे डोपिंग केलेल्या अर्धरोधक इंडियम फॉस्फाइडचा पाया घेतला तर लोहाचे अणू मोकळे इलेक्ट्रॉन पकडतात, विशिष्ट रोध १ कोटी ओहम-सेंटिमीटरच्या घरात जातो आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र जमीन देता येते. सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये तरंगमार्गाखाली ऑक्साइडचा थर असतो. स्थिर धारेला तो अडवतो, पण उच्च वारंवारतेला नाही. म्हणून खालचे सिलिकॉनही उच्च रोधाचे निवडतात.

वारंवारता वाढली की हिशेबच पालटतो. दोन पॅडमध्ये (तार जोडायच्या धातूच्या चकत्यांमध्ये) १० फेम्टोफॅरड धारकता असेल, तर १० किलोहर्ट्झला ती दीड अब्ज ओहमची भिंत असते. २५ गिगाहर्ट्झला तीच सुमारे ६४० ओहमची वाट होते. चिप बाहेरच्या मंडलाला जोडणाऱ्या तारेची प्रवर्तकता दर मिलिमीटरला अंदाजे १ नॅनोहेन्री. दोन चॅनेलांनी (स्वतंत्र सिग्नलमार्गांनी) जमिनीची एकच तार वाटून घेतली, तर एकाच्या धारेने तिच्यावर पडलेला दाब दुसऱ्यालाही भोगावा लागतो. माझ्या मते चर-आयनांइतकेच लक्ष या तारेकडे द्यायला हवे. सिग्नलच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे पॅड ठेवणे, दोन विरुद्ध सिग्नलांची जोडी चालवणे, तारांऐवजी चिप उलटी करून सोल्डरच्या गोळ्यांवर बसवणे, हे त्यावरचे रूढ मार्ग. २००४ मध्ये इन्फिनेरा या कंपनीने प्रत्येकी १० गिगाबिटचे १० चॅनेल एका इंडियम फॉस्फाइड चिपवर आणले, तेव्हापासून चॅनेलांच्या अशा रांगांत हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे.

सर्वांत नाजूक जागा डिटेक्टरची. शेजारी मॉड्युलेटर काही व्होल्टवर चालत असताना डिटेक्टरमध्ये जेमतेम काही मायक्रोअँपिअर वाहत असतात. तपासणी करताना एक चॅनेल चालवून शेजारच्यावर काय उमटते ते नेटवर्क अॅनलायझरवर (एका टोकाचा सिग्नल दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) पाहतात. विलगन ४० डेसिबल म्हणजे शेजारी पोचलेला दाब मूळच्या शंभराव्या हिश्शाचा. मग लेसर बंद करतात. तरीही डिटेक्टरवर सिग्नल उरला, तर तो प्रकाशाच्या नव्हे, विजेच्या वाटेने आलेला असतो.