रोड सायकलच्या टायरची झीज

रोड सायकलचा टायर झिजून कधी निकामी होतो आणि तो केव्हा बदलायचा, यासंबंधीची व्यवहारातली माहिती. रोड सायकलचा टायर अरुंद असतो, त्यात हवेचा दाब भरपूर असतो आणि रबर मात्र पातळ. त्यामुळे रोजच्या साध्या सायकलच्या टायरच्या मानाने त्याचे आयुष्य कमी असते. ते किती, याचा ठरीव आकडा देता येत नाही. मागचा टायर तीन ते पाच हजार किलोमीटर चालला तर बहुतेक जण समाधानी असतात. पण स्वाराचे वजन, हवेचा दाब, रबराचा प्रकार आणि सर्वांत जास्त म्हणजे रस्ता, यांवर हा आकडा अर्ध्यावर येतो किंवा दुप्पट होतो. सायकलीच्या मीटरवर नजर ठेवून टायर बदलणाऱ्यांपेक्षा दर आठवड्याला टायरवरून हात फिरवणारे शहाणे म्हणायचे.

टायरचे मुख्य भाग तीन. कडेला रिममध्ये अडकणारी तार (घडी होणाऱ्या टायरमध्ये तारेऐवजी अरामिड हा मजबूत कृत्रिम धागा), नायलॉनच्या धाग्यांचे अंगचे कापड, आणि रस्त्याला टेकणारी रबराची पट्टी. झीज म्हणजे या पट्टीची झीज. भार पेलण्याचे काम कापडाचे असते, रबर त्याचे रक्षण करते. पट्टीवरची नक्षी पाहून टायर जोखण्याची सवय मोटारसायकलमुळे लागलेली आहे आणि इथे ती उपयोगाची नाही. रोड सायकलचे कित्येक चांगले टायर नवे असतानाच गुळगुळीत असतात. मोटारीच्या टायरला खाचा लागतात त्या साचलेल्या पाण्यावर तरंगू नये म्हणून; सायकलचा टायर इतका अरुंद आणि कडक असतो की पाणी आपोआप बाजूला सरते. ‘नक्षी अजून शाबूत आहे’ हे टायर न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि नक्षी पुसली गेली म्हणून लगेच दुकान गाठायचीही गरज नाही.

पाहायचा तो आकार. नवा टायर समोरून पाहिला तर माथ्यावर नीट गोल दिसतो. मागच्या चाकावर स्वाराचा निम्म्याहून जास्त भार असतो आणि पेडलचा जोरही तिथेच उतरतो, म्हणून मागचा टायर पुढच्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने झिजतो. काही महिन्यांत त्याचा माथा चपटा होतो आणि दोन्ही बाजूंना बोटाला जाणवेल अशी धार येते. वळणावर सायकल कलवली की या धारेवरून जाताना किंचित अडखळल्यासारखे वाटते. काही कंपन्या पट्टीवर दोन बारीक खळगे ठेवतात. ते दिसेनासे झाले की टायर संपला. पण सगळ्या टायरांना अशी खूण नसते. माथ्यावर कापडाचे धागे दिसू लागले तर मग विचार करण्यासारखे काही उरत नाही, तो टायर त्याच दिवशी उतरवायचा. एका जागी फुगा आला असेल तरीही तेच, कारण आतले धागे तुटलेले असतात. बाजूच्या भिंतीवरचा काप माथ्यावरच्या कापापेक्षा वाईट, कारण तिथे रबराचा थर नावापुरता असतो. रिम-ब्रेकचे रबर सरकून टायरला घासत असेल तर असा काप आपला आपणच तयार होतो.

वापर नसतानाही टायर म्हातारा होतो. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीच्या आसपास जातो, आणि गच्चीत किंवा उन्हाच्या बाल्कनीत उभ्या सायकलचे रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन बारीक तडे धरते. माथा गोल दिसला तरी असा टायर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. हवा गेलेली सायकल महिनोन्‌महिने त्याच टायरवर उभी असेल तर भिंतींनाही घडी पडते.

झीज वाढल्याची पहिली बातमी मात्र डोळ्यांना नाही, पंक्चरच्या संख्येतून कळते. वर्षभर निर्धास्त चाललेला टायर महिन्यात तीनदा बसला, तर दोष नशिबाला देऊन भागत नाही. रबर इतके पातळ झालेले असते की पूर्वी बाहेरच अडलेली काच आता ट्यूबपर्यंत पोहोचते. जाणते स्वार टायर चढवताना त्यावरचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवतात. मग ट्यूबमधले भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे पाहून टायरमधली नेमकी जागा सापडते, आणि तिथे अजून रुतून बसलेला काटा काढता येतो. तो न काढता नवी ट्यूब टाकली तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. ट्यूबलेस म्हणजे बिनट्यूबच्या टायरमध्ये ही बातमी वेगळ्या रूपात येते: आतले सीलंट (भोके बुजवणारा द्रव) ताजे असूनही लहानसहान भोके बुजत नाहीत.

नाशिकमध्ये टायर खाणाऱ्या गोष्टी रस्त्याच्या कडेला असतात आणि सायकलस्वारालाही कडेनेच जावे लागते. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर ट्रकच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. त्यांतली केसाएवढी पोलादी तार रबरात शिरली की बाहेरून दिसत नाही; टायरच्या आतून कापूस फिरवला की तो तारेला अडकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडच्या रस्त्यांवर लोखंडाचा कीस, गावाबाहेर बाभळीचे काटे, आणि डांबर उखडले की काळ्या दगडाची अणकुचीदार खडी. पावसाळ्यात त्र्यंबक, पहिने, इगतपुरीकडे सायकली निघतात, आणि नेमके तेव्हाच टायर जास्त कापले जातात, कारण ओल्या रबरात काच किंवा खडी सहज शिरते. राइडवरून आल्यावर टायर पुसून, हवा थोडी कमी करून, कापांत अडकलेले कण टाचणीने काढणे हा कंटाळवाणा उद्योग आहे. पण टायरचे आयुष्य त्याने खरोखरच वाढते.

पुढच्या आणि मागच्या टायरला एकच नियम लावणे धोक्याचे आहे. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, तरी बहुधा सावरता येते. कसारा घाटात किंवा सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना पुढचा गेला, तर हँडल हातात राहत नाही. रिम-ब्रेक असतील तर उतारावर सतत ब्रेक दाबल्याने रिम तापते आणि त्याचा ताण दुबळ्या टायरवर येतो. म्हणून मागचा टायर संपला की पुढचा, जो अजून गोल असतो, तो मागे घालतात आणि नवा पुढे बसवतात. नवा टायर सरळ मागे टाकून पुढे वर्षानुवर्षे तोच ठेवण्याची सवय पैसे वाचवणारी वाटते खरी, पण त्यात सर्वांत जुने रबर सर्वांत जोखमीच्या जागी राहते.

काप पडलेला टायर तात्पुरता चालवता येतो. पंक्चरवाले आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, लावून देतात. ब्रेव्हेवर (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) असताना जुन्या टायरचा तुकडा किंवा दुमडलेली दहाची नोट कापामागे ठेवून, हवा जरा कमी भरून स्वार घरी पोहोचतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, तेवढ्यात हा उपाय तग धरतो. मात्र त्यावर पुढचा महिना काढू नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली. तशा स्पर्धेत मागून मदतीची गाडी असते. एकट्याने चांदवडपर्यंत गेलेल्याला ती सोय नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या सायकलचा २८ इंची टायर मिळेल, पण त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि रोड सायकलच्या रिमचा ६२२, त्यामुळे तो बसत नाही. खरेदी करताना टायरच्या भिंतीवर २५-६२२ किंवा २८-६२२ असा छापलेला आकडा पाहावा. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. रुंदी वाढवायची असेल तर फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा आहे का, तेही आधी पाहावे लागते.

घरात ट्रेनरच्या (सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडच्या) रोलरवर मागचे चाक फिरवणाऱ्यांचा टायर उष्णतेने फार लवकर चपटा होतो आणि खाली काळी भुकटी साठते. त्यासाठी जुना टायर वेगळा ठेवावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर आणू नये. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला किंचित निसरडा असतो, शिवाय तो नीट बसला नसेल तर पहिल्या काही किलोमीटरांतच ते कळते. म्हणून मोठ्या राइडच्या आदल्या रात्री टायर बदलण्याऐवजी आठवडाभर आधी बदलून गंगापूर धरणापर्यंत एकदा जाऊन यावे.