दोन स्लीपिंग बॅगांनी ऊब दुप्पट होते का?
डाऊनची एक हलकी स्लीपिंग बॅग तशाच दुसऱ्या बॅगेत घातली की ऊब दुप्पट होते आणि सह्याद्रीत पुरणारे सामान हिवाळी हिमालयातही चालते, असा समज ट्रेकर मंडळींत बराच काळ रूढ आहे. तो खरा नाही. डाऊन, म्हणजे बदकाची वा हंसाची मऊ लव, स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती फुलल्यावर तिच्यात अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता रोखून धरते. म्हणूनच बाहेरची बॅग ऐसपैस नसेल, तर आतल्या बॅगेची लव दबते आणि दुप्पट वजन वाहूनही ऊब थोडीच वाढते. एकाच मापाच्या दोन बॅगा घेणारे नेमके इथेच फसतात. पाठीखालची लव तर अंगाच्या भाराने दबलेलीच असते, तिथे खरे काम मॅटचे. शिवाय कडाक्याच्या थंडीत अंगातून निघणारी वाफ बाहेरच्या थरापाशी थंड होऊन तिथे ओलावा साचतो, आणि ओली डाऊन नीट फुलत नाही. त्यामुळे बाहेरची बॅग कृत्रिम तंतूंची आणि मापाने मोठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उबदार रात्री तीच एकटी, उघडून पांघरुणासारखी वापरता येते.